डिसॅबिलिटी पेन्शनचा क्लेम रिजेक्ट झालाय? अपील कसं करायचं, बेळगाव-खानापूर-निपाणी भागातल्या माजी सैनिकांसाठी धागा

हवालदार_क्लार्क_निवृत्त

जय हिंद मंडळी. येळ्ळूर, बेळगुंदी, कडोली, उचगाव घ्या, नाहीतर खानापूर, नंदगड, तिकडं संकेश्वर निपाणी, कुठल्याही गावात गेलं तरी फौजेत जाऊन आलेली माणसं भेटतातच. मराठा लाइट इन्फंट्रीचं सेंटर १९२२ पासून बेळगावात आहे म्हटल्यावर ते व्हायचंच. आणि यातल्या बऱ्याच घरांत रेकॉर्ड ऑफिसकडनं (जवानाचे सर्विसचे कागद सांभाळणारं ऑफिस) आलेलं एक इंग्लिश पत्र असतं, त्यात लिहिलेलं असतं की तुमचा आजार सर्विसमुळे झालेला नाही आणि सर्विसमुळे वाढलेलाही नाही, म्हणून डिसॅबिलिटी एलिमेंट, म्हणजे अपंगत्वासाठी पेन्शनच्या वर मिळणारी रक्कम, देता येत नाही. ते वाचलं की लोक गप्प बसतात, वरून आलंय म्हणजे विषय संपला असं धरून चालतात. मी नोकरीभर कागदावरचंच काम केलंय आणि आता आमच्या भागातल्या लोकांचे अर्ज लिहून देतो, म्हणून हा धागा काढला. त्या पत्रानं काहीही संपत नाही. तिथनं पुढं फर्स्ट अपील आहे, सेकंड अपील आहे, मग आर्म्ड फोर्सेस ट्रिब्युनल, म्हणजे फौजींच्या केसेस चालतात ते न्यायमंडळ आहे, आणि सुप्रीम कोर्टाचे निकाल बऱ्यापैकी जवानाच्या बाजूचे आहेत.

आधी मूळ गोष्ट. रिटायर होताना तुमचं रिलीज मेडिकल बोर्ड झालेलं असतं, आजारामुळे मधेच घरी पाठवलं असेल तर इनव्हॅलिडिंग मेडिकल बोर्ड. दोन्हीचा फॉर्म एकच, एएफएमएसएफ-१६. त्यात दोन गोष्टी ठरतात, अपंगत्व किती टक्के, आणि ते सर्विसमुळे झालं किंवा वाढलं का. टक्केवारी २० किंवा वर आणि सर्विसशी संबंध मान्य, तर डिसॅबिलिटी एलिमेंट मिळतो. आपल्या लोकांचं घोडं बहुतेक दुसऱ्या मुद्द्यावर अडतं. फॉर्मवर 'एनएएनए' लिहिलेलं असतं, म्हणजे सर्विसमुळे झालाही नाही नि वाढलाही नाही.

आता हे नीट वाचा. धरमवीर सिंग विरुद्ध भारत सरकार, सुप्रीम कोर्ट, २ जुलै २०१३. सिग्नल्सचा जवान, फिट येण्याचा आजार, बोर्डानं सर्विसशी संबंध नाही म्हणून घरी पाठवलं. कोर्टानं सांगितलं की भरतीच्या वेळी तुमच्या मेडिकलमध्ये कुठल्याही आजाराची नोंद नाही, म्हणजे तुम्ही आत गेलात तेव्हा धडधाकट होता असंच धरायचं, पुढं तब्येत बिघडली तर ती सर्विसमुळे बिघडली असं धरायचं, आणि तसं नाही हे सिद्ध करायची जबाबदारी सरकारची, जवानाची नाही. शंका असेल तर फायदा जवानाला. आजार आधीपासून होता पण भरतीच्या तपासणीत सापडणं शक्य नव्हतं असं बोर्डाला म्हणायचं असेल तर त्याची कारणं बोर्डानं लिहून दिली पाहिजेत. २०१५ मध्ये राजबीर सिंगच्या केसमध्ये परत हेच सांगितलं.

म्हणून माझ्याकडं कुणी आला की मी पहिलं विचारतो, बोर्डाची कॉपी आहे का. नुसतं रिजेक्शनचं पत्र घेऊन अपील लिहिता येत नाही, बोर्डानं कारणाच्या रकान्यात काय लिहिलंय ते बघायला लागतं. पुष्कळदा तिथं दोन शब्द असतात, 'कॉन्स्टिट्यूशनल डिसऑर्डर' (शरीराच्या ठेवणीतलाच आजार) किंवा 'पीस स्टेशनला (शांततेच्या ठिकाणी) सुरू झाला', बास. आपली केस तिथंच उभी राहते.

कॉपी नसेल तर आपल्या रेकॉर्ड ऑफिसला आरटीआय टाका, दहा रुपयांची पोस्टल ऑर्डर, ३० दिवसांत उत्तर द्यायला लागतं. मराठा एलआयवाल्यांचं रेकॉर्ड ऑफिस इथंच बेळगावात, बॉम्बे सॅपर्सवाल्यांचं खडकीला, आर्टिलरी नाशिक रोड, सिग्नल्स जबलपूर, ईएमई (गाड्या-यंत्रं दुरुस्त करणारी शाखा) सिकंदराबाद, डीएससी (डिफेन्स सिक्युरिटी कोअर) केली असेल तर कन्नूर. मागायचं काय तर भरतीच्या वेळची मेडिकल, सगळी मेडिकल बोर्डं, मार लागला असेल तर इंज्युरी रिपोर्ट, आणि कुठं कुठं पोस्टिंग झालं त्याची नोंद.

प्रश्न विचारा, जमेल तसं उत्तर देतो.

येळ्ळूरचा_पोरगा

काका खूप चांगलं केलंत धागा काढून. माझे बाबा नाईक म्हणून २०१४ ला रिटायर झाले, राजौरी, नंतर सियाचीनचा बेस, मग शेवटची पोस्टिंग पीस स्टेशनला आणि तिथं बीपी निघालं. बोर्डानं ३० टक्के आयुष्यभरासाठी दिलं पण खाली एनएएनए. पत्र आलं होतं तेव्हा मी शाळेत होतो, बाबांनी कुणालाच दाखवलं नाही, फर्स्ट अपील केलंच नाही आणि आता पत्र पण सापडत नाहीये. अपिलाची सहा महिन्यांची मुदत कधीच होऊन गेली. आता काही होईल का? आणि दुसरं, बाबा म्हणतात बीपी तर गावात सगळ्यांनाच असतं, त्याचं काय पेन्शन मागायचं, त्यांना कसं समजावू?

हवालदार_क्लार्क_निवृत्त

होईल. उशीर झाला म्हणून पेन्शनचा हक्क मरत नाही, पेन्शन दर महिन्याला द्यायची असते म्हणून दर महिन्याला हक्क नव्यानं उभा राहतो असं कोर्ट मानतं. पण मागची थकबाकी सगळी मिळत नाही. तरसेम सिंगच्या केसमध्ये २००८ साली सुप्रीम कोर्टानं सांगितलं की उशिरा आलात तर अर्ज टाकल्याच्या आधीची तीनच वर्षं. म्हणजे तू जितका थांबशील तितकं जुनं महिन्यामागं महिना गळत जातं, म्हणून आज आरटीआय टाक. पत्र सापडत नाही तर त्याची कॉपी पण त्याच आरटीआयमध्ये माग.

फर्स्ट अपील रेकॉर्ड ऑफिसच्या पत्त्यावर स्पीड पोस्टानं पाठवायचं, ते पुढं आर्मी हेडक्वार्टरच्या कमिटीकडं जातं. सोबत उशीर का झाला त्याचा एक वेगळा अर्ज, साध्या शब्दांत, खरं कारण. नियमाची माहिती नव्हती, कुणी सांगणारं नव्हतं, हे लिहायला लाजू नका.

पीस स्टेशनचा मुद्दा. शेवटच्या पोस्टिंगला आजार सापडला म्हणजे तो तिथं सुरू झाला असं होत नाही. राजौरी आणि सियाचीन बेस, दोन्हीच्या तारखा पोस्टिंगच्या यादीतनं काढून अपिलात घाला. सैन्याच्या मेडिकल सर्विसेसच्या नियमांत ४२३ नंबरचा नियम आहे, त्यात लिहिलंय की आजाराचं कारण फील्ड एरियात घडलं की शांततेच्या ठिकाणी, यानं फरक पडत नाही, बघायचं ते इतकंच की सर्विसच्या परिस्थितीमुळे झालं का. धरमवीर सिंगच्या निकालात हा नियम घेतलाय. आणि मार्च २०२५ मध्ये दिल्ली हायकोर्टानं गावस नावाच्या सुभेदार साहेबांच्या डायबेटिसच्या केसमध्ये सरकारचं म्हणणं फेटाळलं, पीस स्टेशनला आजार निघाला एवढ्यावर पेन्शन नाकारता येत नाही म्हणून. हे दोन्ही अपिलात लिही.

बाबांना काय सांगायचं ते सांगतो. गावात बीपी असलेला माणूस वर्षानुवर्षं रात्री दोन दोन तास पहाऱ्याला उठत नाही, बर्फात राहत नाही, घरात आजारपण असताना सुट्टी मंजूर होईना म्हणून आतल्या आत जळत बसत नाही. तुझे बाबा ते करून आलेत.

टिळकवाडीचा_वाचक

मी वेगळं मत मांडतो, राग मानू नका. पेन्शन मिळते, कॅन्टीन आहे, ईसीएचएसमध्ये (माजी सैनिकांची आरोग्य योजना) औषधं फुकट, शेतकऱ्याला यातलं काय मिळतं? आणि पेपरला पण येत होतं की डिसॅबिलिटीचा गैरफायदा घेतला जातो म्हणून सरकारनं २०२३ ला नियम बदलले. प्रत्येकानं अर्ज टाकत सुटलं तर ज्याचा खरंच पाय गेलाय त्याचं काय?

मलप्रभा_काठची

दादा, राग नाही पण उत्तर देते, माझा भाऊ गुडघा घेऊन घरी आलाय. औषधं फुकट मिळतात ते आजारासाठी, बरोबर. पण डिसॅबिलिटी एलिमेंट औषधाचे पैसे नाहीत, शरीराचा जो भाग सर्विसमध्ये गेला त्याचा मोबदला आहे. भाऊ पस्तिशीत घरी आला. ट्रॅक्टरवर चढता येत नाही, उसाच्या फडात उभं राहता येत नाही, सिक्युरिटीची नोकरी बघायला गेला तर तिथं बारा तास उभं राहायला सांगतात. शेतकऱ्याला मिळत नाही हे खरं आणि ते मिळालं पाहिजे, पण म्हणून फौजीचं कापायचं का? आणि ज्याचा पाय गेलाय त्याचं यातनं काही कमी होत नाही, दोघांचे पैसे एका डब्यातनं येत नाहीत.

गैरफायदा घेणारे असतील, त्यांना पकडा की. त्यासाठी खेड्यातल्या शिपायाच्या फॉर्मवर कारण न लिहिता एनएएनए मारायचं हे कुठलं न्यायाचं?

हवालदार_क्लार्क_निवृत्त

ताईंनी बरोबर सांगितलं. नवीन नियमांबद्दल एवढंच की ते २१ सप्टेंबर २०२३ पासून लागू आहेत, त्याच्या आधी सर्विस सोडलेल्यांना त्यांचे जुने नियम, १९८२ चे किंवा २००८ चे, जे त्या वेळी चालू होते ते. आपल्या भागातले बहुतेक जुन्या नियमातले आहेत. कुणी म्हणालं की आता नियम बदलले, तुमचं काही होणार नाही, तर ऐकू नका, रिटायरमेंटची तारीख बघा. जे २०२३ नंतर आले त्यांनी मात्र नवे नियम आणि डॉक्टर लोकांची नवी गाइड वेगळी वाचून घ्यावी, वर मी जे लिहिलंय ते जसंच्या तसं त्यांना लावू नये.

हालगा_फौजी

काका माझं कानाचं आहे. आर्टिलरीत होतो, तोफेच्या आवाजानं डावा कान गेल्यात जमा. बोर्डानं सर्विसमुळे झालं हे मान्य केलं पण टक्केवारी ११ ते १४ टाकली म्हणून काहीच नाही. आता गेल्या वर्षी सरकारी दवाखान्यातनं यूडीआयडी (दिव्यांग ओळखपत्र) कार्ड काढलं त्यावर ४५ टक्के आहे. ते कार्ड जोडून अपील केलं तर चालेल का? एक जण म्हणाला ५० करून मिळतंय आता सगळ्यांना.

हवालदार_क्लार्क_निवृत्त

भाऊ, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. यूडीआयडी कार्ड २०१६ च्या दिव्यांग कायद्याखालचं, त्याचा उपयोग बसपास, राज्य सरकारच्या योजना यासाठी. पेन्शनला मिलिटरीच्या मेडिकल बोर्डाची टक्केवारीच धरतात. कार्ड पुरावा म्हणून जोडायला हरकत नाही, त्यावरनं कान जास्त गेलाय एवढं दिसतं, पण त्यानं आपोआप काही होत नाही.

५० करून मिळण्याचं पण नीट समजून घ्या. त्याला ब्रॉड बँडिंग म्हणतात. २० किंवा वर आणि ५० च्या खाली असेल तर ५० धरायचं, ५० ते ७५ असेल तर ७५, ७६ किंवा वर असेल तर १००. आधी हे फक्त मधेच घरी पाठवलेल्यांना देत होते, १० डिसेंबर २०१४ ला राम अवतारच्या केसमध्ये सुप्रीम कोर्टानं पूर्ण सर्विस करून रिटायर झालेल्यांनाही द्या म्हणून सांगितलं. पण २० च्या खाली असेल तर ब्रॉड बँडिंग नाही, डिसेंबर २०१९ मध्ये विंग कमांडर राठोर यांच्या केसमध्ये ते स्पष्ट झालंय. म्हणून तुमचं भांडण टक्केवारीवर आहे. अपिलात लिहा की टक्केवारी कमी लावली आहे, परत तपासणीसाठी मेडिकल बोर्डासमोर उभं करा. त्यासाठी ऑडिओमेट्रीचे जुने रिपोर्ट काढा, सर्विसमधले आणि आत्ताचे दोन्ही, आणि कुठल्या तोफेवर किती वर्षं होता ते लिहा.

पैशाचा अंदाज सगळ्यांसाठी सांगतो. १०० टक्के अपंगत्वाला शेवटच्या पगाराच्या ३० टक्के, बाकी त्या प्रमाणात. समजा शेवटचा बेसिक ४२,००० आणि मिलिटरी सर्विस पे ५,२०० म्हणजे ४७,२००. ३० टक्के अपंगत्व असेल तर ब्रॉड बँडिंगशिवाय ४,२४८ होतात, ५० धरलं तर ७,०८०, आणि त्यावर डीआर (महागाई भत्ता) वेगळा. नेहमीच्या पेन्शनच्या वर. खेड्यातल्या घरात हे थोडे पैसे नाहीत.

चंदगड_ते_गणेशपूर

माझा प्रश्न खास आपल्या बॉर्डरचा आहे. मूळ गाव चंदगड तालुक्यात, म्हणजे महाराष्ट्र, शेती घर तिथं, आधार तिथलंच, मतदान तिथंच. पण पोरांच्या शाळेसाठी दहाएक वर्षं गणेशपूरला राहतो. माझी दोन्ही अपिलं फेटाळलीत, आता ट्रिब्युनलला जायचं तर बेळगावचे एक वकील म्हणतात कोचीला, गावाकडचे मित्र म्हणतात मुंबईला, आणि एक जण म्हणाला धारवाडला हायकोर्टाचं बेंच आहे तिथं सरळ रिट (हायकोर्टातली याचिका) टाक. कुणाचं ऐकू?

सीमाभाग_लीगल

मी वकिली करतो, थोडक्यात सांगतो. कर्नाटक हे ट्रिब्युनलच्या कोची बेंचकडं येतं, महाराष्ट्र, गुजरात आणि गोवा मुंबई बेंचकडं. सर्विस सोडलेल्या माणसानं जिथं तो अर्ज टाकताना राहतो त्या भागाच्या बेंचकडं जावं अशी सोय ट्रिब्युनलच्या २००८ च्या नियमांत आहे. तुमचं खरं राहणं गणेशपूरला असेल तर कोची, चंदगडला असेल तर मुंबई. जिथं टाकाल तिथलं राहणं कागदावर दिसलं पाहिजे, आधार एकीकडचं आणि अर्जातला पत्ता दुसरीकडचा असं करू नका, समोरची बाजू पहिला आक्षेप तिथंच घेते आणि वर्ष त्यातच जातं. घरचे आईवडील, शेती, सगळं चंदगडला असून तुम्ही तिथंच परत राहायला जाणार असाल तर आधी जा, मग टाका.

धारवाडचं बेंच रिटसाठी आहे हे खरं. पण पेन्शन म्हणजे सर्विस मॅटर, त्यासाठी २००७ च्या कायद्यानं ट्रिब्युनल उभं केलंय, आधी तिथं जायला सांगतात. ट्रिब्युनलच्या निकालानंतर हायकोर्टात रिट करता येतं, हे सुप्रीम कोर्टानं मार्च २०२३ मध्ये परत स्पष्ट केलंय.

मुदतीचं लक्षात ठेवा. सेकंड अपिलाचा निकाल हातात आल्यापासून सहा महिन्यांत ट्रिब्युनल. आणि अपील टाकून सहा महिने झाले तरी उत्तरच नाही असं असेल तर वाट बघत बसायची गरज नाही, उत्तर न आल्याच्या आधारावर पण जाता येतं. फर्स्ट अपील फेटाळल्यावर सेकंड अपिलाला पण सहा महिनेच. पत्र ज्या पाकिटातनं आलं ते पाकीट टाकू नका, तारखेचा शिक्का त्यावर असतो.

चंदगड_ते_गणेशपूर

धन्यवाद वकील साहेब. म्हणजे कोची. एवढ्या लांब प्रत्येक तारखेला जायला लागेल काय?

सीमाभाग_लीगल

नाही, वकील उभा राहतो. बहुतेक पेन्शन केसेस कागदावर चालतात, साक्षीदार वगैरे क्वचित. एकदा कागद पक्के झाले की तुम्हाला सहीपुरतं काम.

गडहिंग्लज_रोड

माझ्या मेव्हण्याचं विचारतो. रजेवर आला होता, हुक्केरीजवळ मोटारसायकल घसरली, मांडीचं हाड मोडलं, रॉड घातला, कॅट लागली (मेडिकल कॅटेगरी खाली आली) आणि बोर्डानं ३० टक्के लावले पण रजेवर होता म्हणून नाही. एक एजंट म्हणतो शंभर टक्के काढून देतो, थकबाकीतले ३० टक्के त्याला द्यायचे आणि स्पर्शचा (पेन्शनचं सरकारी पोर्टल) पासवर्ड त्याच्याकडं ठेवायचा.

हवालदार_क्लार्क_निवृत्त

पासवर्ड आणि ओटीपी कुणालाही देऊ नका, एजंट असो वा भाऊबंद. स्पर्शवर बँक खातं बदलता येतं एवढं सांगितलं तरी पुरे. आणि थकबाकीत टक्केवारी घेणाऱ्याच्या कुठल्याही स्टॅम्प पेपरवर सही करू नका.

केसबद्दल खरं सांगतो, कारण खोटी आशा देऊन मी कुणाचे पैसे घालवणार नाही. रजेवर असताना खाजगी कामासाठी फिरताना झालेल्या अपघाताला सुप्रीम कोर्टानं साधारण नकार दिलाय. २०११ मध्ये जुझार सिंग, वार्षिक रजा, रस्त्यावरचा अपघात, नाही मिळालं. २०१५ मध्ये नाईक विजय कुमार, रजेवर असताना बहिणीच्या घरी जिन्यावरनं पडले, नाही मिळालं. सर्विसशी काहीतरी धागा लागायला पाहिजे असं कोर्ट म्हणतं. पण एक गोष्ट विचारा मेव्हण्याला. तो रजेवर घरी येताना वाटेत होता का, किंवा रजा संपवून ड्युटीवर परत निघाला होता का? युनिटमधनं घरी आणि घरनं युनिटला जाण्याचा प्रवास ड्युटीत धरतात, १९९९ चा मदन सिंग शेखावतचा निकाल त्यावरच आहे. हुक्केरी म्हणजे हायवेच्या वाटेवर, म्हणून विचारतो. रजेची तारीख, मूव्हमेंट ऑर्डर, रेल्वेचं तिकीट आणि अपघाताची तारीख जुळवून बघा. जुळली तर केस आहे. नाही जुळली तर वकिलाचे पैसे घालवू नका.

गडहिंग्लज_रोड

रजा संपायच्या दिवशीच झालं होतं असं बहीण म्हणते, सामान पाठीला होतं. कागद बघून सांगतो.

निपाणीची_लेक

मला इथं लिहायला बराच वेळ लागला. माझे बाबा सिपाही होते, आठ वर्षं सर्विस झाल्यावर मानसिक आजार म्हणून घरी पाठवलं, बोर्डावर स्किझोफ्रेनिया लिहिलंय आणि खाली घरातला आजार असं काहीतरी. आमच्या घराण्यात कुणालाच असं नव्हतं. गावात लोक वेडा फौजी म्हणायचे आणि आईनं शिवणकाम करून आम्हाला वाढवलं. बाबा दोन वर्षांपूर्वी गेले. त्यांनी एक अपील केलं होतं असं आई म्हणते, उत्तर आलं नाही. आता आई काही करू शकते का की माणूस गेला की सगळं संपलं? आणि आमच्याकडं वकिलाला द्यायला पैसे नाहीत.

हवालदार_क्लार्क_निवृत्त

ताई, बरं झालं लिहिलंत. संपलेलं नाही.

मे २०२५ मध्ये सुप्रीम कोर्टानं राजुमोन नावाच्या जवानाच्या केसमध्ये निकाल दिलाय, तोही स्किझोफ्रेनियाचाच. कोर्ट म्हणालं की मेडिकल बोर्डानं मत देताना कारणं द्यायलाच पाहिजेत, कारणं नसलेल्या मतावर माणसाची पेन्शन काढून घेता येत नाही. बाबांच्या बोर्डात भरतीपूर्वी आजार होता याचा काही पुरावा लिहिलाय का, घरात कुणाला आजार होता असं कुठनं काढलं, ते बघायला लागेल. आणि सुखविंदर सिंगच्या २०१४ च्या निकालात आहे की आजारामुळे सर्विसमधनं काढून टाकलं म्हणजे अपंगत्व २० च्या वर आहे असंच धरायचं, तो मुद्दा पण तुमच्या बाजूचा.

बाबांच्या हयातीतली जी रक्कम त्यांना मिळायला पाहिजे होती ती वारस म्हणून आई मागू शकतात. किती वर्षांची मिळेल ते कोर्ट ठरवेल, तरसेम सिंगचा तीन वर्षांचा मुद्दा समोरची बाजू काढणार हे धरून चला. आणि बाबांची पेन्शन मान्य झाली की आईच्या फॅमिली पेन्शनचा पण रस्ता मोकळा होतो, तो अर्ज सोबतच करायचा.

सीमाभाग_लीगल

वकिलाच्या पैशाचं मी सांगतो. लीगल सर्व्हिसेसच्या १९८७ च्या कायद्यात कलम १२ खाली बाईमाणसाला उत्पन्न न बघता मोफत वकील मिळतो, दिव्यांग माणसाला पण. जिल्हा कोर्टाच्या आवारात जिल्हा कायदा सेवा प्राधिकरणाचं ऑफिस असतं, तिथं आईच्या नावानं अर्ज करा, ते ट्रिब्युनलच्या बेंचपर्यंतची व्यवस्था लावून देतात. २०२५ पासून नाल्सानं (राष्ट्रीय कायदा सेवा प्राधिकरण) फौजी कुटुंबांसाठी वीर परिवार सहाय्यता योजना पण काढली आहे, सैनिक बोर्डांच्या ऑफिसात कायदा मदत केंद्रं त्यातच येतात, तुमच्या इथं सुरू झालंय का ते सैनिक कल्याण ऑफिसात विचारा.

येळ्ळूरचा_पोरगा

काका आरटीआय टाकला आज, स्पीड पोस्टनं. बाबांनीच सही केली. अपिलाचा अर्ज मराठीत लिहिला तर चालेल का हे विचारायचं राहिलं, कारण बाबांना स्वतःच्या शब्दात सांगायचंय सियाचीनचं.

हवालदार_क्लार्क_निवृत्त

हे केंद्राचं काम आहे, त्यामुळे अपील इंग्लिश किंवा हिंदीत दिलेलं बरं. आपल्याकडं राज्य सरकारचे फॉर्म कन्नडमध्ये येतात, ते वेगळं, त्याचा याच्याशी संबंध नाही. पण बाबांनी मराठीत जे सांगितलं ते जसंच्या तसं कागदावर उतरव, त्यांची सही घे, खाली इंग्लिश भाषांतर जोड. कुठल्या महिन्यात चक्कर आली, कुणी एमआय रूमला (युनिटचा दवाखाना) नेलं, कुठल्या हॉस्पिटलात भरती होते, सगळं. बोर्डातल्या कमांडिंग ऑफिसरच्या रकान्यात ड्युटीबद्दल जे लिहिलंय त्याच्याशी ते ताडून बघायचं. कुणाला हार्टचा त्रास असेल तर अटॅकच्या आधीच्या १४ दिवसांत काय ड्युटी होती ते आवर्जून लिहा, डॉक्टर लोकांच्या गाइडमध्ये तेच बघायला सांगितलंय.

निपाणीची_लेक

काका, आईला काय काय कागद गोळा करायला सांगू? ती उद्याच तहसीलला जायचं म्हणतेय.

हवालदार_क्लार्क_निवृत्त

तहसीलला आत्ता फक्त वारसाच्या दाखल्यासाठी जा, त्याला वेळ लागतो म्हणून तो आधी. बाबांचा मृत्यूचा दाखला, डिस्चार्ज बुक, त्यात आईचं नाव बायको म्हणून नोंदलेलं आहे का ते बघा, स्पेलिंग आधारशी जुळतं का ते पण, आपल्याकडं आडनावाच्या स्पेलिंगनं फार अडतं. बाबांची अपिलाची पोच, पोस्टाची पावती, जुनं कुठलंही पत्र, गावाकडच्या डॉक्टरांची मानसिक आजाराची जुनी चिठ्ठी असेल तर ती. आरटीआय आईच्या नावानं टाकायचा, सोबत मृत्यूचा दाखला आणि लग्नाचा किंवा डिस्चार्ज बुकाचा पुरावा जोडून, कारण दुसऱ्याची मेडिकल माहिती म्हणून नाकारू शकतात. बाबांचा आर्मी नंबर आणि रेजिमेंट मला मेसेजमध्ये पाठवा, इथं उघड लिहू नका. आरटीआयचा मसुदा रात्री करून ठेवतो, आईंनी सही केली की दुसऱ्या दिवशी पोस्टात.